परटिणीच्या बोटावरचा डाग

१९७२च्या विधानसभा निवडणुकीत मी नगरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. मतदानाच्या दिवशी दुपारी कोपरगाव तालुक्यातल्या एका गावी, शाळेतल्या केंद्रावर पोहोचलो. कुणीतरी पपईचा चीक लावून बोटाची शाई काढतो, अशी बोलवा सकाळीच उठली होती. केंद्राध्यक्ष प्रत्येकाचे बोट ओल्या फडक्याने घासून पाहत होते.

गावच्या परटिणीच्या डाव्या तर्जनीवर काळा डाग होता. तो पुसला जाईना.

"ही मत टाकून आलीय," एका उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून बसलेले पाटील उठले. "सकाळी कुणाच्या नावावर टाकलंस गं?"

"बिब्ब्याचा हाय त्यो. तुमच्याच धोतरावर खूण करताना लागला, पाटील. सोगा उलटून बघा, तसलाच काळा दिसंल."

रांगेत हसू फुटले. पाटलांनी सोगा उलटला नाही. कुणाचा कपडा कोणता हे कळावे म्हणून परीट बिब्बा टोचून त्याच्या तेलाने कोपऱ्यावर खूण करतात, हे गावाला ठाऊक होते. केंद्राध्यक्ष म्हणाले, धोतरावर बिब्बा असेल. बोटावर शाई नाही कशावरून? खूण असेल तर मतपत्रिका मिळणार नाही.

"माझं मत बुडवू नका, सायेब. इतकी वर्सं घरचे मालक सांगतील तिथं शिक्का मारला. ह्या बारीला माझ्या मनानं मारनार हाय."

यादी वाचायला बसलेले वयस्कर मास्तर उर्दू शाळेतले होते. ते म्हणाले, "डाग हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ भाजल्याची खूण, तापल्या लोखंडाने जनावरावर उठवतात तशी. मळाचा अर्थ मागाहून चिकटला. बिब्बा अजून भाजतो, साहेब. कातडी बघा."

मला मास्तरांचाही संशय आला. विरोधी उमेदवाराकडे त्यांची ऊठबस आहे, असे बाहेर ऐकले होते.

केंद्राध्यक्षांनी तिचे बोट खिडकीच्या उजेडात धरले. डागाभोवती फोड येऊन गेला होता आणि कातडी सुटत होती. जखम दोन-तीन दिवसांची तरी होती. मतदान त्याच दिवशी सकाळी सुरू झाले होते.

तिला मतपत्रिका मिळाली. शाई शेजारच्या बोटाला लावली. पाटलांनी लेखी हरकत दिली, आणि ती पेटीजवळून परतताना हळूच विचारले, "कुणाला दिलंस?"

"ते पेटीला ठावं," ती म्हणाली आणि पदर सावरून बाहेर पडली.