तिळ्याला नोकरी लागली

हेमा आगाशेच्या घरातून कुणी उपाशी बाहेर पडलेलं अख्ख्या बहरीनमध्ये कुणाच्या ऐकिवात नाही. पुण्यामुंबईहून नवा आलेला मुलगा कामाच्या पहिल्या दिवशी तिच्या हातचा दहीभात खाऊनच ऑफिसला जायचा. कुणाची परीक्षा असो, कुणाचं ऑपरेशन असो, हेमाचा डबा आधी हजर. मूळची ती वाईची. चंद्रशेखरच्या बँकेतल्या नोकरीपायी इकडे आली आणि लोकांना खाऊ घालण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नको म्हणणाऱ्याची मात्र धडगत नसे.

अशा बाईच्या पदरात एक कुत्र्याचं पिल्लू पडलं. अमवाज बेटावरचे तिचे शेजारी सुट्टीवर निघाले आणि "थोडेच दिवस सांभाळा" म्हणत डाल्मेशियनचं पिल्लू तिच्याकडे देऊन गेले. ते परत काही आलेच नाहीत. फोनही लागेनासा झाला. पिल्लाच्या पांढऱ्या अंगावर वाटीतले काळे तीळ सांडावेत तसे ठिपके होते, म्हणून हेमाने त्याचं नाव तिळ्या ठेवलं.

तिळ्याने आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं. सोफ्याचा कापूस काढला, चंद्रशेखरच्या बुटांचा फडशा पाडला. लांबवर फिरवून आणलं तरी तो दमायचा नाही, फिरवणारा दमायचा.

"याची बॅटरी कुठे असते बघ गं," चंद्रशेखर म्हणायचा. "रात्रीपुरती काढून ठेवू."

थट्टा होती तोवर ठीक. पण चंद्रशेखरची रिटायरमेंट जवळ आली. आता पुण्याला मुलीकडे, सावनीकडे राहायला जायचं होतं, आणि सावनीच्या मुलाला दमा. घरात कुत्रं अजिबात नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बहरीन सोडून जाणाऱ्यांची कुत्री पुढे कुठे दिसतात, हे हेमाला पक्कं ठाऊक होतं. बांधकामांच्या आसपास, कचऱ्याच्या डब्यांपाशी, गळ्यात अजून पट्टा असलेली. तिळ्याला जागा मिळाल्याशिवाय मी विमानात बसणार नाही, असं तिने नवऱ्याला सांगून टाकलं.

जागा दाखवली जुबैदाबाईंनी. जिदहफ्स गावाच्या पुढे खजुरांच्या बागेला लागून त्यांचा घोड्यांचा तबेला आहे. बाई इथल्याच, सत्तरीच्या, ताठ, आणि हिंदी फर्डी. वडील मुंबईशी व्यापार करायचे ना! त्यांच्याकडे एक बग्गी होती. लग्नात वरात काढायला, शाळेच्या पोरांना फिरवायला. ती ओढणारी नूरा घोडी गुणाची, पण गल्लीतली भटकी कुत्री अंगावर आली की बुजायची. एकदा तर तिने बग्गी थेट भिंतीवर नेली होती.

तिळ्याच्या लांब तंगड्या बघून बाईंचे डोळे चमकले. "अरे, ये तो बग्गी का ही कुत्ता है! पुराने ज़माने में यही गाड़ी के नीचे दौड़ता था। घोड़ी का दोस्त भी, चौकीदार भी। सीख गया तो उम्रभर मेरे पास रहेगा। नहीं सीखा, तो मैं क्या करूँ इसका?"

हेमाने त्यांचे हातच धरले. उन्हाळा सरताच शिकवणी सुरू झाली. आधी तिळ्याला नूराच्या ठाणाशेजारी बांधून दोघांची ओळख करून दिली. मग उभ्या बग्गीच्या मागच्या चाकांमधल्या आसाखाली नुसतं बसवायचं. मग बाई 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणाल्या की बग्गी सावकाश चालायची आणि हेमा पट्टा धरून शेजारून. बाईंची सक्त ताकीद एकच होती. कुत्रा रिकाम्या पोटी धावेल. खाणं मिळेल ते काम झाल्यावर, अंग थंड पडल्यावर.

इथेच घोडं अडलं. रिकाम्या पोटी? हेमाला हे पटेना. तान्हं लेकरू कामाला जाणार आणि पोटात अन्नाचा कण नाही! ती रोज खजुरांच्या आड गाडी थांबवायची आणि त्याला तूप लावलेली पोळी नाहीतर दहीभात भरवायची. मग तोंडबिंड पुसून तबेल्यात न्यायची. जुबैदाबाईंना ताकास तूर लागू दिली नाही.

बग्गी चालीने जायची तोवर तिळ्या जागा सोडत नसे. नूरा दुडकी धरू लागली की मात्र मागे पडायचा. त्यातून हेमाची गाडी दिसली की आसाखालून सुटून थेट तिकडे पळायचा, दारावर पंजे मारायचा. बाई मान हलवायच्या. "इसका दिल काम में नहीं है।"

एका सकाळी व्हायचं तेच झालं. पोटभर जेवलेला तिळ्या बग्गीखाली धावता धावता कोलमडला आणि चाकापुढेच ओकला. बाईंनी लगाम खेचला म्हणून वाचला. चाक त्याच्या मानेपासून वीतभर अंतरावर थांबलं. बागेतल्या वाटेवर पडलेला भात सगळ्यांना दिसत होता.

जुबैदाबाई खाली उतरल्या. ओरडल्या नाहीत. तिळ्याचं पोट चाचपून पाहिलं, त्याला उठवून उभं केलं, मग हेमाजवळ आल्या. "बेटी, ये घोड़ी के पीछे नहीं, तुम्हारे पीछे भाग रहा है। तुम चली जाओगी, तो किसके पीछे भागेगा?"

त्या दिवशी गाडी चालवताना हेमाला रस्ता नीट दिसत नव्हता. घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

"अहो, मी त्याला मारलंच असतं हो आज."

चंद्रशेखरने तिला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाला, "त्याला भूक लागते म्हणून नव्हतीस भरवत तू. तो तुझाच राहावा म्हणून भरवत होतीस."

हेमाला राग आला, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने मनावर दगड ठेवला. तिळ्याचं खाणं जुबैदाबाईंकडे सोपवलं. काम झालं की बाई नूराच्या ठाणाशेजारी त्याला खायला घालायच्या आणि हेमा पाठ फिरवून लांब उभी राहायची. सुरुवातीला तो वळून वळून तिच्याकडे बघायचा. तिचे हात शिवशिवायचे. हळूहळू त्याचं बघणं कमी झालं. नूराला साज चढवायला लागलं की तोच शेपूट हलवत आसाखाली जाऊन उभा राहू लागला. घोडीही त्याला हुंगल्याशिवाय पाऊल उचलेना.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात बाईंनी तिळ्यासह बग्गी पहिल्यांदाच भर रस्त्यावर काढली. हेमाला त्यांनी मुद्दाम वळणावर, रस्त्याच्या कडेला उभं केलं. त्याने तुला पाहून जागा सोडली तर तो अजून तयार नाही, असं स्वच्छ सांगितलं. चंद्रशेखर शेजारी उभा होता. हेमा मनातल्या मनात म्हणत होती, माझ्याकडे येऊ नको रे बाबा. येऊ नको.

टापा ऐकू आल्या. नूरा दुडकीत आली, आणि वळणावरच्या पडक्या कुंपणातून भटकी कुत्री भुंकत तिच्यावर धावली. घोडीने मान वर फेकली. तिळ्या आसाखालून पुढे सरकला, तिच्या मागच्या पायांशी आला आणि एकदाच, दणदणीत भुंकला. कुत्री जागच्या जागी थबकली. नूराचे कान सैल झाले. बग्गी हेमासमोरून गेली. तिळ्याने नाक तिच्या दिशेने वळवलं, तिचा वास घेतला, आणि तो पुन्हा चाकांमधल्या आपल्या जागेवर जाऊन धावू लागला.

जुबैदाबाईंनी पुढे जाऊन बग्गी थांबवली. त्यांचे डोळे भरले होते. मागे वळून त्यांनी विचारलं, "पास हो गया! अब बुलाऊँ उसको? मिलोगी?"

हेमाने दोन्ही हात जोडले. तिच्या पिल्लाला ज्यांनी घर दिलं, काम दिलं, जन्माची सोबत दिली त्या बाईला, त्या घोडीला, या परक्या मुलखालाही. तिला तिळ्याला पोटाशी धरायचं होतं, सगळं अंग त्यासाठी आसुसलं होतं.

"नहीं," ती म्हणाली. "वो काम पर है। यल्ला, जाने दो।"