दाराबाहेर राहिलेल्या चपला

राव सरांचं डोकं मी फोडलं होतं.

आज सकाळी सर गेले. बॅचच्या ग्रुपवर सगळे लिहितायत, किती शांत माणूस. कपाळावरच्या त्या खुणेचं मात्र कुणालाच माहीत नाही.

म्हणून सांगतो.

दोन हजार सालानंतरची पहिली वर्षं. चेन्नईतलं आमचं कॉलेज. लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, आणि धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर.

मी आवडी नावाच्या उपनगरातल्या सरकारी क्वार्टर्समधला, सर तंजावरकडचे मराठी, बोली जुन्या वळणाची. माऊस धरण्यापासून सगळं त्यांनीच शिकवलं. ईमेल, सर्च, अटॅचमेंट.

रोज बजावायचे, उठण्याआधी लॉगआउट करा.

मी फक्त मॉनिटर बंद करायचो. स्क्रीन काळी झाली म्हणजे सगळं बंद, अशी आमची अक्कल.

एक दिवस माझ्यानंतर बसलेल्या कुणीतरी माझ्या आयडीवरून वर्गातल्या मुलीला घाणेरडी मेल पाठवली. तिच्या भावाने चौघांना घेऊन मला बस स्टॉपवर गाठलं. सायकलच्या चेनने मारलं. दोन दात गेले.

रस्त्यावर पडल्या पडल्या मी ठरवलं, त्या लॅबचा चुराडा करायचा.

तीन मित्र, चार हॉकी स्टिक. आणि सांगायला लाज वाटते, फोडायला आलेल्या आम्ही दाराशी सवयीने चपला काढल्या.

तीन मॉनिटर फुटले. सर मध्ये आले. मी थांबलो नाही. स्टिक भुवईच्या वर बसली, कीबोर्डवर रक्त सांडलं. खाली काचा, आमचे पाय अनवाणी. रक्ताळलेल्या पायांनी पळालो.

चपला तिथेच.

माझ्या चपलेच्या पट्ट्याला माझ्या वडिलांनी, अप्पांनी, तांब्याची तार बांधली होती. अख्खा वर्ग ओळखायचा. पोलीस केस झाली की कॉलेज संपलं, आणि अप्पांची मान कायमची खाली.

पोलीस आले. सरांनी सांगितलं, चेहरे दिसले नाहीत. चपलांचा विषयच निघाला नाही.

आठवड्याने त्यांनी मला बोलावलं. डोक्याला बँडेज. टेबलाखालून पिशवी काढली. आत चारही जोड होते.

"पाय बरे जाले का, तंबी?"

तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मी रडायला लागलो. त्या मेलचं सगळं सांगून टाकलं.

त्यांनी एक मेल उघडली, मॉनिटर बंद केला, परत लावला. मेल तिथेच.

"आपण डोळे मिटले म्हणून घर रिकामें होत नाही, बा. लॉगआउट करा म्हणालों, पण हें दाखवलें नाही. चूक माझी."

टाके पडलेला माणूस मला हे म्हणत होता.

पुढच्या प्रत्येक बॅचला सरांनी पहिला धडा तोच दिला. कपाळाचं कुणी विचारलं, तर पडलो म्हणायचे.

आज मैलापूरला त्यांच्या दारात चपलांचा ढीग होता. मीही काढल्या, आत गेलो. खूण तशीच होती.

पायांवर डोकं ठेवलं. इतकी वर्षं जे म्हणायचं राहिलं होतं, ते म्हणालो.

सर, चूक माझी होती.

तुमच्या तंबीचा शेवटचा नमस्कार.