भिंतीकडे तोंड

हे सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. मोठेबाबांचे कान कशाने गेले, असं मुलांनी विचारलं की मी म्हणायचो, तापाने. तापाने नाही, माझ्या सुईने गेले.

पन्नासच्या दशकात मी रिसोडला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. राहायला शिरपूरजवळच्या आमच्या खेड्यात. माझा थोरला चुलतभाऊ, म्हणजे मुलांचे मोठेबाबा, क्षयाने रक्त थुंकू लागला, तेव्हा आमचा अबोला होता. आमच्या दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणाची, यावरून आम्ही एकमेकांवर कुऱ्हाडी उगारल्या होत्या. पण गावात स्ट्रेप्टोमायसिन टोचणारा मीच.

डॉक्टरांनी बजावलं होतं, हे औषध जीव वाचवतं, पण कानाच्या नसेवर जातं. कानात आवाज आला, चालताना तोल गेला, की सुई थांबव आणि मला कळव. गेलेले कान परत येत नाहीत.

रोज सकाळी मी सिरिंज उकळायचो, बाटलीतली पांढरी पूड पाण्यात विरघळवायचो. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी हाताच्या अंतरावर, तरी जे बोलायचं ते वहिनीमार्फत. मी अंग ढिलं सोडायला सांगायचो, तो उलट निरोप द्यायचा, बैलाले टोचल्यावानी टोचू नको म्हण.

रक्त थांबलं, भूक लागली. मग एक दिवस वहिनी म्हणाली, "भाऊजी, यायच्या कानात रातकिडे ओरडून राह्यले म्हन्तात. उठलं का भिंत धरा लागते."

डॉक्टरांचे शब्द मला आठवले. आठवले नाहीत असं आता म्हणणार नाही. पण सुई थांबवली तर औषध बाधलं हे कबूल केल्यासारखं होईल, आणि हा गावभर सांगेल, धुऱ्यापायी यानं इख टोचलं. तेवढं त्याला मिळू द्यायचं नव्हतं.

"त्याले म्हणा, कुऱ्हाड घेऊन धावला तवा नाही गेला तोल."

"त्याले म्हण," तो भिंतीलाच बोलला, "बाभूळ माही हाये, अन् कान बी माहेच हायेत."

मी सुई टोचली. दुसऱ्या दिवशीही, त्यानंतरही.

क्षय बरा झाला. मागून बैलगाडी आली तरी तो वळेनासा झाला. कानाची तक्रार केली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणालो, तो माझ्याशी बोलतच नाही.

म्हातारपणी एकदा गेलो. तो ओट्यावर बसला होता. मला पाहून त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलणं एकट्या वहिनीला जमायचं.

"काय सांगू यायले?" तिने विचारलं.

वाटभर शब्द जुळवले होते. पण ते आधी तिला सांगावे लागणार होते, आणि रातकिड्यांचं तिनेच तर मला तेव्हा सांगितलं होतं.

"सांगा, बाभूळ तोडून ने म्हणा."

तिने त्याच्या डोळ्यांसमोर जाऊन हाताने कुऱ्हाड करून दाखवली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. बाभूळ अजून उभी आहे.

सांगायचं होतं ते एवढंच. दादा, मले मालूम होतं, अन् तरी म्या सुई टोचली. मले माफ कर.