पहिला थांबा

सतरा फेब्रुवारी, सोमवार. सावनेर ते नागपूरची धंतोली, ठरलेलं भाडं बत्तीसशे रुपये. गाडीत तीन माणसं: स्ट्रेचरवर वडील, त्यांच्या बाजूच्या बाकावर माझी मोठी बहीण आणि पुढे रुग्णवाहिकेचा मालक, जो स्वतःच गाडी चालवत होता. मी गाडीत नव्हतो. मी धंतोलीत दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभा होतो. म्हणून गाडीतलं जे लिहिणार आहे ते ताईकडून ऐकलेलं आहे. तिने ते मला चार वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, चारही वेळा मी लिहून घेतलं आणि चारही कागद ताडून पाहिले. फरक सापडला नाही.

सव्वादहाला ताईचा फोन आला की निघालो. कोळशाचे ट्रक धरले तरी त्या वेळी सव्वा तास लागतो. गाडी आली अकरा बावन्नला. डॉक्टर गाडीतच चढले, उतरले, आणि त्यांनी कागदावर लिहिलं की आणण्यापूर्वीच मृत्यू झाला आहे.

"जाम लागला, भाऊ," मालक म्हणाला. "कोराडीपाशी ट्रकच ट्रक. मी तर सायरन बंदच नाही केला."

मी त्याला बत्तीसशे मोजून दिले. दुपारी त्याच गाडीतून वडिलांना परत सावनेरला नेलं. परतीचे पैसे तो घेईना. "राहू द्या, बाबांचंच काम आहे," म्हणाला. मी त्याचे दोन्ही हात हातात धरून आभार मानले. आयुष्यात मी ज्या गोष्टी परत घेऊ इच्छितो त्यांत हे आभार पहिले.

वडील कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. त्यांची पेन्शन त्या दिवशी थांबली. आईची सुरू व्हायची तर मृत्यूचा दाखला हवा होता. बाकी सगळे कागद मी तेराव्याच्या आत जमवले होते. एवढा एकच राहिला होता.

सावनेरच्या नगरपरिषदेत खिडकीवरच्या बाबूने घाटाची पावती पाहिली आणि परत सरकवली.

"दहन आमच्या घाटावर झालं, त्याची पावती आम्ही दिली. मरण आमच्या हद्दीत झालं का?"

"नाही. इथून निघाले तेव्हा जिवंत होते."

"मंग आम्ही कसं लिहिणार गा? जिथं मेले तिथं जा."

तीन मार्चला मी नागपुरात महापालिकेच्या झोन कार्यालयात गेलो. तिथे एक बाई होत्या. त्यांनी दवाखान्याचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे तर आणायच्या आधीच गेले. दवाखाना काहून कळवेल आम्हाला?"

माझ्या पिशवीत दोन तक्रारअर्ज तयार होते. एक बाबूविरुद्ध होता, दुसऱ्यात फक्त नाव भरायचं राहिलं होतं. मी भांडारात तीस वर्षं आवक-जावक लिहिली आहे. माल एका दारातून निघाला आणि दुसऱ्या दारी पोचला नाही, तर मधल्या कोणाला तरी जबाब द्यावा लागतो, एवढं मला कळतं. मी आवाज चढवला. बाईंनी चढवला नाही. त्यांनी कपाटातून नियमाचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि माझ्यापुढे फिरवलं.

चालत्या गाडीत मृत्यू झाला तर त्यानंतर गाडी जिथे पहिल्यांदा थांबेल तिथे त्याची खबर द्यायची, आणि द्यायची ती गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने. गाडी म्हणजे काय तेही खाली दिलं होतं: विमान, जहाज, आगगाडी, मोटार, टांगा, रिक्षा. मी दोनदा वाचलं. बाईंचं बरोबर होतं, बाबूचंही बरोबर होतं. ज्या दोघांवर मी दात खाल्ले त्या दोघांनी आपापल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

"सोपं आहे हो," बाई म्हणाल्या. "गाडीवाल्याकडून लिहून आणा की मधात कुठं थांबलो नाही, दवाखान्यापाशीच पहिल्यांदा थांबलो. एकवीस दिवस व्हायचे आहेत अजून. चार दिवसांत दाखला घेऊन जा, पैसेही लागणार नाहीत."

मी बाहेर येऊन मालकाला फोन लावला. वाक्य संपायच्या आत तो म्हणाला, "देतो नं लिहून, भाऊ. कुठं सही करू सांगा. थांबलोच नाही मी कुठं, डायरेक्ट धंतोली."

संध्याकाळी सावनेरला घरी जाऊन मी हे सांगितलं. आई म्हणाली, बरं झालं.  ताई उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेलो.

"खोटं बोलून राहिला तो," ताई म्हणाली. "थांबला होता."

तिने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. स्ट्रेचरखाली गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. तिचे पाय त्याला लागत होते. कोराडीच्या अलीकडे वडिलांचा हात तिच्या हातात ढिला पडला. तिने मधल्या काचेवर थाप मारली. गाडी थांबली, तेव्हा तिला वाटलं की आपल्या थापेने थांबली. मालक मागे आला, त्याने मागचं दार उघडलं. ती म्हणाली, "अवो, बाबांले पाहा नं, हात गार पडला." तो म्हणाला, "पोचतोच आपण, ताई." आणि वाकून त्याने वडिलांच्या पायांखालून ते गोणपाट ओढून काढलं. शेतातल्या पंपाची मोटर होती. एक माणूस समोरच्या दुकानातून आला, दोघांनी मिळून उचलली, दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून तिला लाल पाटी दिसत होती. ती पाटी तिने पुष्कळ वेळ वाचली.

"मले त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तू त्याचे हात धरून रडून राहिला होता. तुले काय सांगू?"

आईने बाहेरून ऐकलं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे. धंतोलीचंच लिहून घे. कोण विचारते? दवाखान्यात गेले म्हणू."

मी नाही म्हणालो. धंतोली लिहायला मालक एका पायावर तयार होता. धंतोली लिहिली की गाडी थांबली नव्हती, मोटर उतरली नव्हती, आणि त्यावर सरकारी शिक्का. मला त्याच्याच हाताने, गाडी थांबली त्या गावाचं नाव लिहून हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटरवर त्या रस्त्याने हळूहळू आलो. मोटर वायंडिंगची दुकानं त्या पट्ट्यात तीन आहेत, लाल पाटी एकाची. दुकानदार तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मी म्हणालो की मलाही मोटर द्यायची आहे, पण आणायची कशी?

"रुग्णवाहिकावाल्याले सांगा नं," तो म्हणाला. "तो आणून देते. त्याले कोणी अडवत नाही, लाल दिवा पाहून ट्रकवाले बी बाजूले होतात!" तो हसला. मीही हसलो. मग त्याने हौसेने पावतीपुस्तक उघडून दाखवलं. सतरा फेब्रुवारी, पाच अश्वशक्तीची एक मोटर, आणणाऱ्याचं नाव, आणणाऱ्याची सही. मी फोटो काढला. हसणं त्याने नंतर थांबवलं.

त्या गावची ग्रामपंचायत दुकानापासून तीनशे पावलांवर आहे. गावात जन्ममृत्यूची नोंद सरपंच करत नाही, ग्रामसेवक करतो, हे मला तोवर पाठ झालं होतं. ग्रामसेवक तरुण, नीटनेटका. त्याने सगळं ऐकून एकच विचारलं.

"गाडी रस्त्याच्या कोण्या बाजूले उभी होती?"

"काहून?"

"नालीच्या पलीकडे दुसरी ग्रामपंचायत लागते. डाव्या बाजूले उभी असन तर त्यायच्याकडे जा."

मी पावती दाखवली. दुकान उजव्या बाजूला आहे, मोटर दोन माणसांनी उचलून थेट आत नेली, वाहता रस्ता ओलांडून नव्हे. त्याने मान हलवली. "मंग आमचंच आहे. पण गाडीवाल्यानं स्वतः येऊन लिहून द्यावं लागते. तुमच्या लिहिण्यानं नाही चालत."

त्याच दिवशी मी सावनेरच्या बस स्टँडपाशी मालकाला गाठलं. तो गाडीच्या पायरीवर बसून चहा पीत होता.

"धंतोलीचं लिहून देतो म्हटलं नं तुमाले!"

"धंतोली नको. मोटर जिथं उतरवली त्या गावचं लिहा."

त्याने चहा संपवला. "कोणती मोटर? भाऊ, तुमचं डोकं फिरलं. माणूस गेला तर माणूस गेला, आता तो काय गावं मोजून राहिला?" बाजूचे दोन रिक्षावाले हसले. "जा, लिहून घ्या जिथून लिहाचं तिथून."

एकवीस दिवस संपले. तीसही संपले. त्यानंतर तालुक्याच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि शपथपत्र लागतं, तेही मी करून ठेवलं. मालक फोन उचलेना. झोनमधल्या बाईंनी दिलेला धंतोलीचा छापील अर्ज घरीच होता, फक्त मालकाची एक सही हवी होती. ती मागितली असती तर त्याने धावत येऊन केली असती. आईची बीपीची आणि साखरेची औषधं, भाडं, वीज. मी पैसे पुढे केले तेव्हा आईने हात मागे घेतला.

"तुह्ये नको. तुह्याच्यानंच अडलं आहे."

ताईने दर महिन्याला सहा हजार दिले. ताईच्या नवऱ्याचं किराणा दुकान आहे, लहान. तिने मला एकदाच विचारलं, "किती दिवस?" मी म्हणालो, "तो लिहील तोपर्यंत." तिने पुन्हा विचारलं नाही.

जुलैत मी परिवहन कार्यालयासाठी तीन पानांची तक्रार टाइप केली: रुग्ण आत असताना माल वाहणे, वाटेत माल उतरवणे. सोबत पावतीचा फोटो, ताईचं शपथपत्र, निघाल्याची आणि पोचल्याची वेळ. खाली सही केली नाही. ती प्रत मी मालकाच्या घरी नेली आणि त्याच्या बायकोसमोर त्याला वाचायला दिली. तो वाचत असताना मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. असं पाहायला मिळावं म्हणून पाच महिने गेले होते, तर पाच महिने काही फार नव्हते.

"हे देऊन राहिले का तुम्ही?"

"तुम्ही उद्या अकरा वाजता ग्रामपंचायतीत या."

तो पावणेअकरालाच आला. ग्रामसेवकाने कोरा कागद दिला. त्याने लिहिलं की सावनेरहून धंतोलीला रुग्ण नेत असताना रुग्णाचं गाडीतच निधन झालं, आणि त्यानंतर गाडी पहिल्यांदा या गावी थांबली. ग्रामसेवक म्हणाला, "कुठं ते लिहा." तो माझ्याकडे बघू लागला.  मग त्याने लिहिलं, मोटर वायंडिंगच्या दुकानासमोर. सही केली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "भाऊ, आता तो तीन पानांचा कागद फाडून टाका. लेकरं आहेत मले."

"बघतो," मी म्हणालो.

मी बघितलं. त्याच संध्याकाळी तक्रारीवर सही केली आणि दुसऱ्या दिवशी ती रजिस्टर पोस्टाने परिवहन कार्यालयाला पाठवली. शब्द मी दिला नव्हता. बघतो म्हणजे होय, असं त्याने ऐकलं असेल तर तो त्याचा प्रश्न. त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी बंद झाला. एका रविवारी मी मुद्दाम त्याच्या गल्लीतून गेलो. गाडी घरासमोर उभी होती, दिव्यावर पोतं बांधलं होतं, चाकांत हवा कमी होती. ताईने सांगितलं होतं की पुढे तुला वाईट वाटेल. अजून वाटलेलं नाही.

दाखला मिळाला तो मी आईला नेऊन दिला. तिने तो ताईकडून वाचून घेतला. मृत्यूचं ठिकाण आल्यावर ताई थांबली. आई म्हणाली, "वाच." ताईने वाचलं.

"माणूस बत्तीस वर्षं खाणीत खाली उतरला," आई म्हणाली, "अन् तू त्याले दुकानासमोर रस्त्यावर ठेवला. जलमभरासाठी. कुठं बी दाखवाचं तर हेच दाखवाचं मले."

"खरं तेच आहे, आई."

"मी खरं मागतलं होतं का? दाखला मागतला होता."

 त्या माणसाच्या हाताने जे लिहून घेतलं ते मी बदलणार नाही. पण ते वाचावं लागतं आईला.

सप्टेंबरात पेन्शन आली, मार्चपासूनची मागची धरून. सात महिन्यांचे चव्वेचाळीस हजार आठशे. आईने बँकेतून रोख काढायला लावले. घरी येऊन खाटेवर बसली, आधी ताईला बोलावलं आणि सहा महिन्यांचे छत्तीस हजार तिच्या पदरात टाकले. ताई नको म्हणत होती. आईने ऐकलं नाही.

मग तिने मला विचारलं, "पंचायतीत किती भरले होते तू?"

"विलंबाचे पन्नास अन् चार प्रतींचे दोनशे."

तिने अडीचशे रुपये मोजले, दोन शंभराच्या आणि एक पन्नासाची, आणि माझ्यासमोर खाटेवर ठेवले. मी घेतले.