बिलं ठेवायची की छातीचे फोटो?

"जुने एक्स-रे सोडून द्या, मॅडम. बिलं तेवढी सांभाळा," आमच्या ट्रस्ट हॉस्पिटलचे प्रशासक वानखडे साहेब म्हणाले.

यवतमाळचं मुख्य हॉस्पिटल आणि दारव्हा, पुसद, उमरखेडच्या शाखा यांचा डेटा रोज एका सेंट्रल सर्व्हरवर बॅकअप करायचा होता. बॅकअप म्हणजे जपलेली दुसरी प्रत. मूळ डिस्क गेली, की तिथून सगळं परत आणायचं. सर्व्हर केवढा लागेल, हे काढणं माझं काम. चारही ठिकाणचे आकडे जोडले, तर मंजूर सर्व्हरच्या दुप्पट जागा लागत होती.

"साहेब, बिल हरवलं तर नुकसान आपलं. फोटो हरवला तर पेशंटचं. छातीतला डाग जुना की नवा, डॉक्टर कशावरून सांगतील? गरिबाची छाती म्हणजे रद्दी नाही."

"भाषण नका देऊ. जागा दाखवा."

मागणी रास्त होती. एवढी जागा कशाला लागते, ते पाहायला मी दारव्ह्याला गेले. एक्स-रे टेक्निशियन वंदनाताईंच्या कॉम्प्युटरवर तीन फोल्डर होते: 'नवीन', 'नवीन खरं', 'हेच ठेवा'. तिन्हींत तेच फोटो.

"ताई, हे काहून?"

"लाईन गेली का मशीन रुसते, मॅडम. एक गेलं त दुसरं राह्यते."

"आणि तिसरं?"

"तिसरं साहेबाच्या भेवानं."

पेशंट यवतमाळला पाठवला, की सोबत सीडी जायची. तिथे तोच फोटो पुन्हा साठायचा. पुसद, उमरखेडलाही हीच रीत. आम्ही बॅकअप दिला नव्हता, म्हणून प्रत्येकानं आपापला करून ठेवला होता. आणि मी त्या प्रतीही डेटा म्हणून मोजत होते.

बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये डीडुप्लिकेशन नावाची सोय असते. सारखी फाईल एकदाच साठवायची, बाकी ठिकाणी तिची नुसती खूण ठेवायची. दारव्ह्याच्या डेटावर ते चालवून पाहिलं, मग बाकी शाखांवर. जागा निम्म्याहून कमी लागली. पुढच्या काही वर्षांची वाढही मंजूर सर्व्हरमध्ये बसली.

"सगळं बसते म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"एकही फोटो न टाकता."

"मंग घ्या. पण बसलं नाही, त माझ्याकडे येऊ नका."

पुढे उमरखेडची डिस्क खरोखरच गेली. दुपारपर्यंत आम्ही सगळं परत आणलं. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी एका गवंड्याचा जुना फोटो नव्याशेजारी उघडला. डाग जुनाच होता, बरा झालेल्या आजाराचा. त्याला औषधं पुन्हा सुरू करावी लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

सर्व्हरचं माप काढण्याआधी काय फेकायचं नाही, ते ठरवावं. जागेचा हिशोब त्यानंतर करावा.