विकून टाकलेला पुट

माझा धाकटा भाऊ तेलवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. कच्च्या तेलाच्या टाक्यांवर उभं राहून तेलाचा भाव कळतो, असा त्याचा समज. मागच्या खेपेला तो मुद्दाम लांब रजा घेऊन आंजर्ल्याला आला. बायकोला दिवस गेले होते आणि बाळंतपणाला त्याला घरी थांबायचं होतं. आल्या आल्या त्याने मोबाईलवर कच्च्या तेलाचं फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा वायदा, घेतलं. भाव चढणार, याची त्याला खात्रीच होती.

मी खेडजवळ लोट्याला एका केमिकल कंपनीत खरेदी बघते. आमचा कच्चा माल तेलाच्या भावाबरोबर वरखाली होतो, त्यामुळे हा बाजार माझ्या रोजच्या कामातला. एका गुरुवारी रजा टाकून आंजर्ल्याला घरी गेले, तेव्हा त्याने कौतुकाने मोबाईल पुढे केला.

"आणि पडला तर?" मी विचारलं.

"स्टॉप लॉस लावलाय ना, ताई. ठरवलेल्या भावाला आला की आपोआप विकलं जाईल."

"सोमवारी बाजार एकदम खालीच उघडला तर? स्टॉप लॉस तू लावलेल्या भावाला थोडाच लागणार? समोर जो भाव असेल त्याला सौदा सुटेल. एक पुट घेऊन ठेव."

पुट हा ऑप्शनचा एक प्रकार, म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क, हे त्याला ठाऊक होतं. बाजार कितीही कोसळला, तरी त्या भावाच्या खाली त्याचं नुकसान वाढणार नव्हतं. बदल्यात प्रीमियम भरायचा, एवढंच. कुरकुर करत का होईना, त्याने माझ्यासमोर पुट घेतला. मी निश्चिंत होऊन परतले.

पुढे भाव थोडा चढला आणि पुटाची किंमत उतरत गेली. त्याचा फोन आला. "ताई, तुझा पुट रोज झिजतोय. फुकट गेला प्रीमियम."

"बोटीवरचं लाईफ जॅकेट वापरावं लागलं नाही, तर ते फुकट गेलं म्हणतोस का रे?"

तो हसला. मला वाटलं, पटलं. त्यानंतरच्या शुक्रवारी त्याने पुट विकून टाकला आणि वर फ्युचरचा आणखी एक लॉट घेतला. मला अवाक्षरानेही सांगितलं नाही.

शनिवार-रविवारात परदेशात तेलाचा पुरवठा वाढणार असल्याची बातमी आली. सोमवारी मी कंपनीच्या बसमध्ये होते, तेव्हा त्याचा फोन आला. "खूप खाली उघडलंय गो. स्टॉप लॉस कुठच्या कुठे लागला."

"घाबरू नकोस. पुट आहे तुझा."

तो म्हणाला, "तो मी विकला."

मी फोन बंद केला. बसमधल्या बायका काय झालं विचारत होत्या आणि मी रागाने मोबाईल पर्समध्ये कोंबला.

घर बांधायला ठेवलेली शिल्लक गेली. मिळेल त्या जहाजावर तो लगेच चढला. दापोलीच्या हॉस्पिटलात त्याच्या बायकोचा हात धरून मी बसले होते. त्याने मुलीला पहिल्यांदा पाहिलं ते मोबाईलवर.

बारशाला सगळे नातेवाईक जमले. आमच्या काकांनी भर पंगतीत सुनावलं, "पोरगा साधा होता. ऑप्शनचं खूळ हिने घातलंन त्याच्या डोक्यात." आईनेही मान डोलावली. तो व्हिडिओ कॉलवर होता, सगळं ऐकत होता.

मी मोबाईल उचलून त्याला म्हटलं, "सांग यांना. पुटामुळे बुडालास, की पुट विकल्यामुळे?"

त्याने इकडेतिकडे बघितलं. "ताई, रेंज जातेय," म्हणाला आणि कॉल कापला.

त्याच्या बायकोने मुलीला पाळण्यातून उचललं. "पुट यांनी विकला, तेव्हा मी शेजारी होते," ती काकांना म्हणाली. "ताईंना विचारा, असं मी दोनदा म्हटलं. तुला काय कळतं, म्हणाले."

काकांनी आणखी भात मागितला. कुणीही माझी माफी मागितली नाही, आईनेसुद्धा नाही. मी ताटावरून उठले आणि खेडची एसटी धरली.

आता तो जहाजावरून फोन करतो, मुलीबद्दल विचारतो. मी उत्तरं देते. बाजाराचा विषय दोघंही काढत नाही. त्याचे पैसे बुडाले, ते तो कमावेलही. पण त्या पंगतीत तो गप्प बसला, त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.