दिवा लाल असताना

माझा मामा पंखे दुरुस्त करतो आणि उरलेल्या आयुष्यात अल्बम. पंखे त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे परत जातात. अल्बम मात्र मी शाळेत होतो तेव्हापासून सुरूच आहे. त्यात रॉक आहे, जॅझ आहे, मध्येच शास्त्रीय व्हायोलिन घुसतं, आणि ठेका सात मात्रांचा असल्यामुळे पायाने ताल धरणारा हमखास तोंडघशी पडतो. मामी म्हणते, "भांडी पडली तर निदान एकदाच आवाज होतो."

मागची खोली मामाने गाद्या आणि पोती ठोकून अशी बंद केलीय की आत कुणी बोंबललं तरी बाहेर पत्ता लागत नाही. दारावर लाल दिवा. तो लागला की दार वाजवायचं नाही आणि आत मोबाइल न्यायचा नाही, हा घरचा कायदा. त्याचं श्रेय भोंगाकाकाला. हा मामाचा सॅक्सोफोन वाजवणारा दोस्त. ऐन रेकॉर्डिंगमध्ये एकदा त्याने दार वाजवून "चहा आहे का?" विचारलं आणि दिवसभराची मेहनत पाण्यात गेली.

त्या रविवारी शेवटचा तुकडा उरला होता, तोही भोंगाकाकाचाच. संध्याकाळी तो लेकीकडे कायमचा राहायला निघणार होता. "दुपारी येऊन वाजवतो," म्हणाला होता.

मामाने मला हाताशी घेतलं, दिवा लावला, माइक तपासायला मशीन सुरू केलं. मी पाणी आणायला उठलो, तर दाराची मूठच माझ्या हातात आली. दार जागच्या जागी.

"काय केलंस रे?"

"मी? बसवली तूच ना!"

"बसवली तेव्हा तू ओढणार आहेस हे कुठे माहीत होतं!"

आम्ही दार बडवलं, ओरडलो, लाथा घातल्या. गाद्यांनी सगळं गिळलं. पंखेवाल्याच्या त्या खोलीत पंखा नाही, कारण पंखा आवाज करतो. शर्ट अंगाला चिकटले. मामा दाराला कान लावून बसला. "भोंगा येईल. तो आला की उघडतील."

शेवटी वीज गेली आणि बाहेरून मामीने दार उघडलं. मी निखळलेली मूठ तिच्या हातात ठेवली, तर म्हणाली, "दिवा विझला, म्हटलं झालं असेल."

"भोंगा आला नाही?"

"आले होते की! इथेच बसले होते बराच वेळ. मी दार वाजवते म्हटलं, तर म्हणाले, नको वहिनी, दिवा लागलाय. मग गाडी आली त्यांची."

मामाने दिव्याकडे पाहिलं, मग खोलीतल्या बटणाकडे. ते आमच्या हाताशीच होतं. ते बंद करायचं दोघांनाही सुचलं नाही. त्याने मोबाइल उचलला, पण फोन लावला नाही.

वीज आल्यावर त्याने रेकॉर्डिंग ऐकलं. सॅक्सोफोनच्या जागी आमचं दार बडवणं. मामा पुढे झुकला. "अरे, सातातच बडवलंय! हेच ठेवतो."

"म्हणजे संपला एकदाचा?" मामीने विचारलं.

"छे! हा बडवताना मध्येच घाई करतोय. पुन्हा घ्यावं लागेल."

त्याने मला दंडाला धरून आत ओढलं. दार लागलं, दिवाही लागला असणार. मूठ मामीच्या हातात राहिली होती.